जुनं मोटरहोम घ्यावं का? घेतलं तर दुरुस्ती कुठून सुरू करावी?

माळरान
नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनला राहतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि उन्हाळ्यात येणारे सासू-सासरे. मुलांना तळी, जंगलं, राष्ट्रीय उद्यानं दाखवायची आहेत आणि आजी-आजोबांना घरी ठेवून जायचं नाही. पण सासूबाईंना रोज बाहेरचं जेवण सोसत नाही आणि सासऱ्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. स्वच्छतागृह हाताशी हवं. म्हणून मोटरहोमचा, म्हणजे आत पलंग, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह असलेल्या गाडीचा, विचार करतोय. नवीन गाडी आवाक्याबाहेर आहे.

शेजारच्या गावातलं एक निवृत्त जोडपं त्यांची १९९९ ची क्लास सी (व्हॅनच्या चासीवर बांधलेलं, केबिनवर पलंग असलेलं मोटरहोम) विकतंय. फोर्ड ई-३५० ची चासी, व्ही-१० पेट्रोल इंजिन, २७ फूट लांब, ५८ हजार मैल झालेले. ९ हजार डॉलर मागताहेत. गाडी झटक्यात सुरू झाली, एसी चालला, शेगडी पेटली. एकच खटकलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो पलंग असतो, तिथल्या कोपऱ्यात भिंत दाबली तर मऊ लागली आणि वॉलपेपरला सुरकुत्या होत्या. मालक म्हणतात, जुनी गळती आहे, कधीच बंद केली.

नवऱ्याला सुतारकाम चांगलं येतं. इंजिनातलं मात्र दोघांनाही फारसं कळत नाही. घ्यावी का? आणि घेतली तर आधी काय हातात घ्यायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गिरीमित्र
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही घरात हाच विषय चालू आहे.

डांबरी_रस्ता
माळरान, मी टेक्सासमध्ये अशीच एक गाडी बरीच वर्षं सांभाळली आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही इंजिनाची काळजी करताय, पण सगळं लक्ष त्या मऊ कोपऱ्याकडे द्या. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं फोर्डच्या व्हॅनचं आहे. सुटे भाग गावोगावी मिळतात आणि ते बसवणारा माणूसही मिळतो. मागचं घर मात्र हाताने बांधलेलं असतं. बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, आत अगदी पातळ प्लायवूड, मध्ये थर्माकोल आणि लाकडी पट्ट्यांची चौकट. यात पाणी शिरलं की ते दिसत नाही. वर्षानुवर्षं आतल्या आत झिरपत राहतं, पट्ट्या कुजतात, प्लायवूड पत्र्यापासून सुटतं. भिंतीवर बाहेरून फुगवटा दिसायला लागला की समजायचं, काम हाताबाहेर चाललंय.

क्लास सी मध्ये सगळ्यात जास्त गळणारी जागा म्हणजे तुम्ही सांगताय तीच, केबिनवरचा पलंग. गाडी वेगात असताना वारा आणि पाऊस थेट तिथेच आपटतो. वर लहान केशरी दिवे असतात, पुढे खिडकी असते, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या कोपरपट्ट्या असतात. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला एक वाट.

"गळती बंद केली" यावर विसंबू नका. ओलावा मोजायचं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. ते घेऊन पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. पलंगाची गादी उचला, खालची फळी दाबून बघा, कपाटांच्या आतले कोपरे तपासा, छताच्या प्रत्येक झडपेभोवती हात फिरवा. मालकाची परवानगी असेल तर कोपरपट्टीवरची रबरी पट्टी उचलून दोन-तीन स्क्रू काढून बघा. स्क्रू चकचकीत निघाला तर आत कोरडं आहे. गंजून अर्धा झालेला निघाला, किंवा पिळता पिळता नुसताच गरगरला, तर आतल्या लाकडात जीव राहिलेला नाही.

सुईदोरा
डांबरी_रस्ता यांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. छताचंही सांगा ना. शिडी लावून वर चढायचं का?

डांबरी_रस्ता
मालकाला विचारून चढा, आणि वजन पसरेल असं, गुडघ्यांवर चाला. पाय कुठे दबतो ते बघा. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांवर रबरी छत असतं, ईपीडीएम म्हणतात. त्यावरून हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. तेवढं वयाप्रमाणे होतंच. फाटलेलं असेल किंवा फुगे आले असतील तर काळजीचं.

एक कळकळीची विनंती, सांध्यांवर सिलिकॉन लावू नका. कुठल्याही दुकानात मिळतं म्हणून लोक लावतात. पण वर्षा-दोन वर्षांत ते कडेने सुटतं आणि नंतर त्या जागी दुसरं काहीच नीट चिकटत नाही. रबरी छतावर आडव्या सांध्यांना स्वतःहून पसरणारं लॅप सीलंट (फटी बुजवायचं लुकण) वापरायचं. खिडक्या, दिवे आणि कोपरपट्ट्यांच्या खाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी. आणि पेट्रोलियम असलेलं कुठलंही क्लीनर रबरी छतावर नको. रबर फुगतं.

हिशेबी
थोडं विरोधी मत मांडतो, राग मानू नये. ९ हजार ही फक्त सुरुवात आहे. विमा, हिवाळ्यात उभी करायची जागा, सहा टायर, दोन प्रकारच्या बॅटऱ्या. मैलाचं म्हणाल तर व्ही-१० गॅलनला आठ-नऊ मैल देईल. वर्षातून तीन-चार आठवडे वापरायची असेल तर भाड्याची घ्यावी. बिघडली तर दुसऱ्याची डोकेदुखी. पैशाचं गणित मांडलं तर जुनं मोटरहोम जिंकत नाही.

पाना_पक्कड
हिशेबी, गणित बरोबर आहे, पण या कुटुंबाला काय हवंय ते त्यात येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दरवेळी वेगळी गाडी, वेगळा पलंग, रात्री अंधारात चाचपडत शोधायचं वेगळं बटण. स्वतःच्या गाडीत हवी तिथे पकडायला दांडी लावता येते, पायरी बुटकी करता येते. भाड्याच्या गाडीला भोक पाडू देत नाहीत.

आता इंजिन. मी याच पिढीच्या फोर्ड इंजिनांवर काम केलंय. ६.८ लिटरचं व्ही-१० दमदार आहे, पण १९९९ च्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) स्पार्क प्लग धरून ठेवणारे आटे फार कमी आहेत. प्लग सैल झाला तर आट्यांसकट उडून बाहेर येतो, बंदुकीसारखा आवाज होतो. घाबरायचं कारण नाही, धातूची नवी आटेदार बाही बसवून हेड न बदलता काम होतं. घेण्याआधी एवढंच विचारा की प्लग कधी बदलले आणि कोणी. नंतर बदलाल तर इंजिन पूर्ण गार असताना आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने. बरंचसं काम केबिनमधूनच करावं लागतं. दोन सीटांच्या मधला मोठा झाकणासारखा भाग काढला की इंजिनाचा मागचा अर्धा भाग समोर येतो.

टायर बघताना नक्षी बघून फसू नका. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. कडेला डीओटी पुढे अक्षरं-आकडे असतात, त्यातले शेवटचे चार बघा. २३१६ असेल तर २०१६ सालचा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचे असतील तर कितीही नवे दिसोत, किमतीतून वजा करून मागा. मागच्या जोडटायरांतला आतला टायर मुद्दाम बघा. तिथे हात पोचत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणी हवाच तपासलेली नसते.

लेकुरवाळी
यूकेमधून लिहितेय. आमच्याकडे एमओटी ही गाडीची सक्तीची तपासणी दरवर्षी होते, पण त्यात फक्त गाडी तपासतात, घराचा भाग नाही. त्यासाठी वेगळी हॅबिटेशन तपासणी असते. त्यात गॅस, वीज आणि भिंतीतली ओल, सगळं मोजून प्रत्येक जागेचा आकडा नकाशावर लिहून देतात. साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर गेलं की उघडून बघा. माळरान, तुम्हीही तसाच कागद करा. गाडीचा चौकोन काढायचा आणि फूटभर अंतरावर आकडे लिहायचे. एकाच ठिकाणी आकडे चढत गेलेले दिसले की पाणी कुठून येतंय त्याचा माग लागतो.

अजून एक. इथे १ जानेवारी १९९७ नंतर परवाना मिळालेल्यांना साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतच चालवता येतं. यूकेमधल्या कुणाचा विचार असेल तर जुन्या मोठ्या गाडीचं वजन आधी बघा.

काळा_कातळ
वजनाचं निघालंच आहे तर, माळरान, तुम्ही सहा माणसं आहात. सीटबेल्ट किती आहेत ते मोजलंत का? झोपायला सहा जणांची सोय आहे म्हणजे बसायला सहा सुरक्षित जागा आहेत असं नाही. जुन्या गाड्यांत जेवणाच्या टेबलाशी फक्त कमरेचे पट्टे असतात. ते कशाला बांधलेत ते वाकून बघा. नुसत्या प्लायवूडच्या खोक्याला बांधलेले असतील तर मुलांना तिथे बसवू नका.

मी श्टुटगार्टजवळ राहतो. माझ्याकडे १९८० च्या दशकातलं हायमर आहे, मर्सिडीज २०७ डी च्या चासीवर. तीस वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला इथे 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळू शकते. मग कर ठरावीक आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात जायची मुभा. गॅसची तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते आणि ती मला मनापासून पटते. रबरी नळी आणि रेग्युलेटर यांना वय असतं. गाडी कितीही देखणी असली तरी ते ठरावीक वर्षांनी बदलायचेच.

माझं इंजिन जेमतेम सत्तर अश्वशक्तीच्या घरातलं. आल्प्सच्या चढाला मागे रांग लागते. पण असं प्रामाणिक इंजिन मी दुसरं पाहिलेलं नाही.

अण्णा_आकुर्डीकर
काळा कातळ यांची २०७ डी वाचली आणि राहवलं नाही. अहो, तुमच्या गाडीचं सख्खं भावंड आमच्या पुण्याच्या कंपनीने बनवलं! टेम्पो ट्रॅव्हलर ही त्याच मर्सिडीज टी-१ व्हॅनवरून आलेली गाडी. आणि तुमच्या २०७ डी मध्ये असतं ते ओएम ६१६ डिझेल इंजिन बजाज टेम्पोने परवान्यावर इथे बनवलं. कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं २००५ मध्ये. माझी सगळी नोकरी वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे, याच पट्ट्यात गेली. याच कंपनीच्या गाड्या ट्रॅक्स म्हणू नका, गुरखा म्हणू नका, या इंजिनाचं कूळ महाराष्ट्राच्या घाटाघाटांत पोचलं.

काळा_कातळ
अण्णा, अगदी खरं! पुण्याला आलो होतो तेव्हा माझ्या इंजिनाचा फोटो भोसरीतल्या एका फिटरला दाखवला. त्याने बघताक्षणी फ्युएल पंप, ग्लो प्लग, व्हॅक्यूम पंप असं एकेक बोट ठेवून सांगितलं. व्हॉल्व्हचं अंतर कसं लावायचं ते मी त्याच्याकडूनच शिकलो. भाग जसेच्या तसे बसतात असं मी म्हणणार नाही, पण ज्ञान नक्की बसतं.

गिरीमित्र
अण्णा, मग पुण्यात जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग-स्वयंपाकघर करून घेतलं तर? बरेच जण करताना दिसतात.

अण्णा_आकुर्डीकर
करता येतं, पण आधी आरटीओ, मग सुतार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायचा तर परवानगी लागते, आणि आरसीवर नोंद पाहिजे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. आणि खाजगी नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा बारा वर्षांची ट्रॅव्हलर स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊन तिच्यात लाखो ओतण्याआधी पुढच्या पासिंगचं बघा. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आहे, पण गाडी उभी करून पाणी-वीज मिळेल आणि टाकी रिकामी करता येईल अशा जागा अजून वाढायला हव्यात. कोकणात तर हे फार छान होईल.

सुईदोरा
कोकणात पावसाळ्यात मात्र डांबरी_रस्ता यांचा पहिला प्रतिसाद छापून गाडीत लावावा लागेल :)

तारतम्य
विजेचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. अमेरिकेत अशा गाड्यांना ३० अँपिअरचा तीन पिनांचा प्लग असतो. तो १२० व्होल्टचा आहे. घरी गाडीसाठी सॉकेट बसवून घ्याल तेव्हा इलेक्ट्रिशियनला हे लिहून द्या. दिसायला तो कपडे वाळवायच्या मशीनच्या जुन्या सॉकेटसारखा दिसतो, म्हणून सवयीने २४० व्होल्ट जोडले जातात. पहिल्याच वेळी कन्व्हर्टर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), मायक्रोवेव्ह, टीव्ही सगळं जळतं. माझ्या मित्राच्या गाडीत हेच झालं. कॅम्पग्राउंडमध्येही आधी सर्ज प्रोटेक्टर लावायचा, मग गाडी.

जनरेटर असेल तर तो गार असतानाच तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. न वापरल्याने जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. घेतलात की महिन्यातून एकदा अर्ध्या लोडवर दोन तास चालवायचा.

लेकुरवाळी
आणि फ्रिज! तुम्ही एसी आणि शेगडी बघितलीत, फ्रिज बघितलात का? या गाड्यांत बहुतेक अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज असतो. त्यात काँप्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन उष्णतेवर फिरतात. थंड व्हायला अर्धा दिवस लागतो, म्हणून मालकांना आदल्या रात्रीच लावून ठेवायला सांगा. गॅसवर एकदा आणि विजेवर एकदा, दोन्ही बघा. बाहेरून मागची जाळी काढून आत पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास आला तर फ्रिज गेला. तो लावूच नका. आणि गाडी तिरकी उभी असताना हा फ्रिज फार वेळ चालवायचा नसतो.

माळरान
किती आपुलकीने लिहिलंय सगळ्यांनी! सीटबेल्ट आणि फ्रिज डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी यंत्र घेऊन जातोय. सासूबाईंचा एक प्रश्न: आत फोडणी केली तर अलार्म वाजतो का?

पाना_पक्कड
धुराचा वाजणार, खात्रीने. छतावरचा पंखा बाहेर फेकणारा करून ठेवा, खिडकी उघडा, मग मोहरी. जमिनीजवळचा प्रोपेनचा अलार्म वेगळा, तो फोडणीला सहसा वाजत नाही. त्याच्या मागे तारीख असते. पाच ते सात वर्षांत त्याचं आयुष्य संपतं. मूळ १९९९ चाच असेल तर पहिल्या दिवशी बदला, कार्बन मोनॉक्साइडचाही. बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही.

डांबरी_रस्ता
काळा_कातळ यांच्या मुद्द्यात भर. कपाटाच्या दाराच्या आत वजनाचा कागद चिकटवलेला असतो. २७ फुटी घर ई-३५० वर म्हणजे शिल्लक वजन बेताचंच. पाणी गॅलनला ८.३ पौंड. चाळीस गॅलनची टाकी भरली की तीनशे तीस पौंड तिथेच गेले. त्यात सहा माणसं. मालवाहू ट्रकांसाठी महामार्गावर वजनकाटे असतात, तिथे सगळ्यांना बसवून एकदा वजन करा. पाणी मुक्कामाच्या जागी भरा.

हिशेबी
पाना_पक्कड यांचं म्हणणं वाचल्यावर विचार केला. माझ्या आईला गुडघ्यांमुळे हॉटेलच्या न्हाणीघरात किती त्रास होतो ते आठवलं. आजी-आजोबांसाठी असेल तर माझा विरोध मागे. फक्त भाव मात्र कसून करा. मऊ कोपरा आणि टायर, हे दोन्ही धरून.

माळरान
जाऊन आलो. लेकुरवाळी, तुम्ही सांगितलं तसा कागद केला. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंती १० ते १३. उजवा पुढचा कोपरा २८! आकडे वर चढत गेले ते खिडकीकडे नाही, वरच्या केशरी दिव्याकडे. टायर २०१३ चे निघाले. फ्रिज दोन्हीवर थंड झाला. टेबलाशी चारही पट्टे चासीला जोडलेल्या लोखंडी चौकटीला आहेत, वाकून फोटो काढले.

आकडे मालकांसमोर ठेवले. काका स्वतः गुडघ्यावर बसून बघत होते. त्यांनाही ठाऊक नव्हतं. ६ हजारांवर सौदा झाला. टायर लगेच बदलले, दोन्ही अलार्मही.

आता तो कोपरा आतून उघडलाय. एक उभी पट्टी आणि पलंगाच्या फळीचा हातभर तुकडा कुजलाय, बाकी चौकट टणक आहे. आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून ठेवलाय. नवऱ्याने नवीन पट्टी कापून तयार केली आहे. प्रश्न असा की इकडे ऑक्टोबर लागलाय. बाहेरचं सीलिंग आत्ता करावं की वसंत ऋतूपर्यंत थांबावं?

डांबरी_रस्ता
अभिनंदन! थांबू नका, मिशिगनचा हिवाळा त्या कोपऱ्यात शिरू द्यायचा नाही. पाणी गोठलं की फट रुंदावते. दिवसा ५० फॅरनहाइटच्या वर आणि पाऊस नसलेला दिवस बघा. लाकडाचा आकडा १५ च्या खाली आल्याशिवाय आतली भिंत बंद करू नका. बाहेरचं आधी करा, आतलं सावकाश.

पाचही दिवे काढा, नुसता गळणारा एक नको. जुनं सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, फायबरग्लासवर राहिलेला चिकटा मिनरल स्पिरिटने पुसा, पण ते छताच्या रबरावर जाऊ देऊ नका. मग ब्युटाइल टेप, वर दिवा, आणि स्क्रू चारी बाजूंनी थोडे थोडे आवळत जा. टेप कडेने बाहेर येईल. लगेच कापू नका. तीन-चार दिवसांनी स्क्रू पुन्हा अर्धा आटा फिरतील, तेव्हा कापा.

तारतम्य
दिवे काढलेच आहेत तर तारांची टोकं बघा, हिरवी पडली असतील. तेवढी कापून नवीन जोड द्या. एलईडी टाका.

पाना_पक्कड
आणि पहिलं गोठण पडायच्या आत पाण्याच्या नळ्या रिकाम्या करा. गीझरची टाकी रिकामी करा, गीझर वगळणारा बायपास फिरवा, मग गुलाबी अँटिफ्रीझ (नळ्यांत गोठू न देणारं द्रव) प्रत्येक नळातून येईपर्यंत पंप चालवा. शॉवर आणि फ्लश विसरू नका. रेडिएटरमधलं हिरवं इथे चुकूनही नको, ते विष आहे.

माळरान
शनिवारी ५८ आणि ऊन दाखवतंय. पाच दिवे, दोन रोल ब्युटाइल, स्टेनलेसचे स्क्रू मागवले. कोपरपट्टीला स्क्रू जुन्याच लांबीचे घेऊ की पाव इंच मोठे? जुनी भोकं थोडी सैल झाली आहेत.

डांबरी_रस्ता
लांबी तीच ठेवा, जाडी एक नंबर वाढवा. नवीन पट्टी जिथे बसवली आहे तिथे मात्र जुन्याच मापाचे चालतील.